सात जागांचा खेळाडू: बेसबॉलमधील युटिलिटी खेळाडूचे मोल आणि भवितव्य

बेसबॉलच्या मैदानावर क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ खेळाडूंपैकी प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि त्या जागेला स्वतःचे नाव, क्रमांक आणि कौशल्य असते. चेंडू फेकणारा पिचर आणि फलंदाजाच्या मागे बसून तो झेलणारा कॅचर ही जोडी बाजूला ठेवली, तर उरलेल्या सात जागांपैकी चार बेसच्या चौकोनालगतच्या इनफील्डमध्ये आणि तीन त्यापलीकडच्या आउटफील्डमध्ये येतात. बहुतेक खेळाडू यांपैकी एखादी जागा तरुणपणीच धरतात आणि शेवटपर्यंत तिच्याच आसपास राहतात. जो आज सेकंड बेसवर, उद्या शॉर्टस्टॉपला आणि परवा डाव्या आउटफील्डमध्ये उभा राहतो आणि तरीही ज्याच्यामुळे संघाची बाजू लंगडी पडत नाही, त्याला युटिलिटी खेळाडू म्हणतात. कोणत्याही एका जागेसाठी पुरेसा चांगला नसलेला खेळाडू, अशीच त्याची ओळख दीर्घकाळ होती. गेल्या दोन दशकांत क्लबांची त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि फँटसी बेसबॉल खेळणाऱ्या लाखो लोकांनाही त्याची किंमत आपापल्या परीने ठरवावी लागली. क्लबाचा हिशेब आणि फँटसीचा हिशेब वरवर सारखे दिसतात, पण त्यांत मोजल्या जाणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि अशा खेळाडूची कारकीर्द कोणत्या वळणाने जाईल हे समजण्यासाठी ही फारकत आधी लक्षात घ्यावी लागते.

फँटसी बेसबॉल म्हणजे प्रत्यक्ष खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधून, त्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यांत केलेल्या कामगिरीच्या आकड्यांवर आपसांत खेळली जाणारी स्पर्धा. मुंबईत मुख्यालय असलेल्या ड्रीम इलेव्हनमुळे मराठी वाचकाला क्रिकेटमधला हा प्रकार ओळखीचा आहे. तिथे मात्र संघ एका सामन्यापुरता बांधला जात असे, तर बेसबॉलमधला मूळ प्रकार १६२ सामन्यांच्या, सहा महिने चालणाऱ्या संपूर्ण हंगामावर उभा आहे. त्याची सुरुवात १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाली. लेखक व संपादक डॅनियल ओक्रेंट याने मित्रांना जमवून ही स्पर्धा रचली आणि ज्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ नावाच्या उपाहारगृहात ही मंडळी जेवायला जमत, त्यावरून तिला रोटिसरी लीग हे नाव पडले. खेळाचा जनक असूनही ओक्रेंटला स्वतःच्या लीगचे विजेतेपद कधी मिळाले नाही, ही नोंद या खेळाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे, कारण आकड्यांची जाण आणि आकड्यांचे भाकीत यांत किती अंतर असते हे तिच्यातून स्पष्ट होते. आज रूढ असलेल्या पद्धतीत प्रत्येक संघमालकाला २६० काल्पनिक डॉलर मिळतात आणि त्यांतून लिलावात २३ खेळाडू घ्यायचे असतात. फलंदाजांची कामगिरी पाच रकान्यांत मोजली जाते: फलंदाजीची सरासरी, होम रन, स्वतः काढलेल्या धावा, स्वतःच्या फटक्यावर इतरांना घरी आणून मिळवलेल्या धावा म्हणजे आरबीआय, आणि चोरलेले बेस, म्हणजे फटका नसताना धावून गाठलेले पुढचे बेस. क्षेत्ररक्षणाला या पाचांत स्थान नाही. एखाद्याने शॉर्टस्टॉपवर हंगामभर अशक्यप्राय चेंडू अडवले, तरी फँटसी संघाच्या खात्यात त्याबद्दल काहीही जमा होत नाही.

असे असूनही खेळाडू मैदानावर कुठे उभा राहतो याला फँटसीत मोठे महत्त्व आहे, कारण संघमालकाला आपले फलंदाज ठरावीक साच्यात बसवावे लागतात. रूढ साच्यात दोन कॅचर, फर्स्ट बेस, सेकंड बेस, थर्ड बेस व शॉर्टस्टॉप यांचे प्रत्येकी एक, सेकंड बेस किंवा शॉर्टस्टॉप यांपैकी आणखी एक, फर्स्ट किंवा थर्ड बेसपैकी आणखी एक, पाच आउटफील्डर आणि शेवटी कोणताही फलंदाज चालेल अशी एक जागा, असे १४ फलंदाज असतात. एखाद्या खेळाडूला कोणत्या खणात बसवता येईल हे त्याने त्या जागी प्रत्यक्ष किती सामने खेळले यावर ठरते आणि यालाच पात्रता म्हणतात. जुना दंडक मागच्या हंगामातल्या २० सामन्यांचा आहे. काही ठिकाणी चालू हंगामातले १० सामने पुरतात, तर काही ठिकाणी पाच सामन्यांत सुरुवातीपासून त्या जागी खेळले तरी भागते. युटिलिटी खेळाडू वर्षभरात तीन-चार जागी वावरल्यामुळे एकाच वेळी तीन-चार खणांसाठी पात्र ठरतो आणि त्याचे फँटसीतले वैशिष्ट्य इथूनच सुरू होते.

या पात्रतेची किंमत नेमकी किती, हे पाहण्यासाठी १२ संघमालकांची एक लीग डोळ्यांपुढे आणावी. प्रत्येकाचे १४ याप्रमाणे १६८ फलंदाज लिलावातच संपतात. बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, म्हणजे मेजर लीगच्या, ३० क्लबांत मिळून रोज खेळणारे फलंदाज सुमारे २७० असल्याने शिल्लक राहतात ते बहुतेक दुय्यम दर्जाचे किंवा अर्धवेळ खेळणारे. आता मे महिन्यात एका मालकाचा सेकंड बेसमन जायबंदी झाला असे समजावे. न निवडलेल्या खेळाडूंमध्ये त्याला सरासरी ०.२३० आणि हंगामात सात-आठ होम रन मारेल असा सेकंड बेसमन मिळतो, पण त्याच ढिगात पंधरा-सोळा होम रनची क्षमता असलेला आउटफील्डर पडलेला आहे. ज्याच्याकडे सेकंड बेस आणि आउटफील्ड अशी दुहेरी पात्रता असलेला खेळाडू आहे, तो त्याला आउटफील्डमधून सेकंड बेसवर सरकवतो आणि रिकाम्या खणात तो बरा आउटफील्डर घेतो. इथे मिळालेला फायदा युटिलिटी खेळाडूच्या स्वतःच्या आकड्यांत कुठेही दिसत नाही, कारण तो दुसऱ्याच खेळाडूच्या नावावर जमा होतो. फँटसीच्या किंमत-तक्त्यांत हा फायदा बहुधा एक-दोन डॉलरची भर म्हणून धरला जातो. लीग जितकी मोठी आणि उरलेल्या खेळाडूंचा ढीग जितका दरिद्री, तितकी ही भर वाढायला हवी. उलट दहा संघांच्या उथळ लीगमध्ये प्रत्येक जागेसाठी बरा पर्याय सहज मिळतो आणि बहुपात्रता ही केवळ सोय उरते.

पात्रता कोणत्या जागांची, यानेही मोठा फरक पडतो. फर्स्ट बेस आणि आउटफील्ड या दोन्ही ठिकाणी जोरदार फलंदाजांची रेलचेल असल्याने ती जोडी फारशी कामाची नसते, तर शॉर्टस्टॉप किंवा सेकंड बेस आणि आउटफील्ड ही जोडी टंचाई आणि सुबत्ता यांना जोडते, म्हणून मौल्यवान ठरते. शिवाय पात्रता ही वर्षापुरती असते. क्लबाने खेळाडूला एका जागी कायम केले की पुढच्या वर्षी तो फँटसीतही एका खणाचा होतो; त्याच्या खऱ्या आयुष्यातली स्थिरता ही फँटसी मालकाच्या दृष्टीने तोट्याची ठरते.

या सगळ्याच्या मुळाशी मात्र एक साधी गोष्ट आहे आणि उत्साहाच्या भरात तिचा वारंवार विसर पडतो. होम रन असोत, धावा असोत वा चोरलेले बेस, सरासरी सोडली तर प्रत्येक रकान्यातला आकडा फलंदाजीची पाळी किती वेळा येते यावर अवलंबून असतो. रोज खेळणाऱ्या फलंदाजाला हंगामात सहाशेच्या वर पाळ्या मिळतात, बाकावरच्या युटिलिटी खेळाडूला अडीचशे-तीनशे. फलंदाजीच्या क्रमात एक पायरी खाली आले की हंगामाच्या हिशेबात साधारण पंधरा ते अठरा पाळ्या कमी होतात, आणि युटिलिटी खेळाडूंना बहुधा सातव्या, आठव्या वा नवव्या क्रमांकावरच पाठवले जाते. त्यामुळे पाच जागांची पात्रता आणि तीनशे पाळ्या असलेल्या खेळाडूपेक्षा एकाच जागेची पात्रता आणि सहाशे पाळ्या असलेला मध्यम फलंदाज जवळजवळ नेहमीच अधिक उपयोगी असतो. बहुपात्रता हा गुणक आहे. ज्या संख्येला तो लावायचा ती संख्याच लहान असेल, तर गुणाकारही लहानच येणार.

क्लबांच्या दृष्टीने याच खेळाडूचे महत्त्व का वाढले, याचे उत्तर संघाच्या रचनेत आहे. १९८० च्या दशकात २५ जणांच्या संघात दहा पिचर ठेवले जात आणि पंधरा जागा फलंदाजांसाठी उरत. पुढे पिचरने कमी डाव टाकायचे आणि पूर्ण ताकदीने टाकायचे, अशी पद्धत रुळली आणि पिचरांची संख्या वाढत गेली. २०२० पासून संघ २६ जणांचा झाला आणि २०२२ पासून त्यांत जास्तीत जास्त १३ पिचर ठेवण्याची मर्यादा लागू झाली. म्हणजे फलंदाज उरले १३. त्यांतले आठ मैदानावर खेळतात, नववा केवळ फलंदाजी करणारा डेझिग्नेटेड हिटर असतो, एक राखीव कॅचर लागतो, आणि मग सहा-सात जागांच्या सर्व अडीअडचणी भागवण्यासाठी बाकावर अवघे तीन जण राहतात. त्या तिघांपैकी एकाला तरी शॉर्टस्टॉपवर उभे राहता आले नाही, तर मॅनेजरला सामन्याच्या शेवटच्या डावांत हात बांधून बसावे लागते. क्रिकेटमधला अष्टपैलू फलंदाजी आणि गोलंदाजी अशी दोन कामे करतो, तर युटिलिटी खेळाडू क्षेत्ररक्षणातल्या अनेक जागा सांभाळून संघातल्या दोन-तीन माणसांची जागा मोकळी करतो.

हे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. अशा खेळाडूच्या पेटीत तीन वेगळे हातमोजे असतात. इनफील्डसाठी सुमारे साडेअकरा इंचांचा, उथळ खळग्याचा, कारण चेंडू क्षणात काढून फेकायचा असतो; आउटफील्डसाठी पावणेतेरा इंचांच्या आसपासचा खोल, कारण तिथे धावत जाऊन बोटांच्या टोकावर झेल घ्यायचा असतो; आणि फर्स्ट बेससाठी बोटे वेगळी न केलेला रुंद मोजा, कारण तिथे दिवसभर सहकाऱ्यांच्या फेकी झेलायच्या असतात. सेकंड बेसवर दुहेरी बाद करताना पाठीमागून सरकत येणाऱ्या धावपटूची चाहूल ठेवून पाय वळवावे लागतात, थर्ड बेसवर चेंडू इतक्या वेगाने येतो की पाऊल टाकायला वेळच नसतो, आणि आउटफील्डमध्ये चेंडू बॅटवरून सुटल्याच्या आवाजावर पहिली तीन पावले ठरतात. यांतले प्रत्येक कौशल्य सरावाचे तास मागते आणि ते तास फलंदाजीच्या सरावातून कापले जातात. ज्याला हे सर्व साधते, त्याच्याबद्दल ‘कोणत्याच जागेचा नाही’ असे म्हणणे हा अन्यायच होता.

या श्रमाचे मोल आकड्यांत बसवण्याचा प्रयत्न विन्स अबव्ह रिप्लेसमेंट, संक्षेपाने वॉर, या मोजमापाने केला. एखाद्या खेळाडूऐवजी कनिष्ठ लीगमधून सहज मिळणारा बदली खेळाडू वापरला असता, तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, याचा तो अंदाज असतो. त्यात फलंदाजी, बेसवरची धाव आणि क्षेत्ररक्षण यांच्या जोडीला जागेच्या अवघडपणाचीही भर किंवा वजावट असते. फॅनग्राफ्सच्या पद्धतीत पूर्ण हंगामासाठी शॉर्टस्टॉपला साडेसात धावा अधिक धरल्या जातात, सेकंड व थर्ड बेसला अडीच अधिक, कडेच्या आउटफील्डला साडेसात उणे आणि फर्स्ट बेसला साडेबारा उणे, आणि साधारण दहा धावा म्हणजे एक विजय असा हिशेब असतो. मात्र जो खेळाडू आज इथे आणि उद्या तिथे उभा राहून इतरांना विश्रांती देतो, दुखापतीचा धक्का सोसून घेतो, त्याच्या लवचिकतेला वॉरमध्येही वेगळा रकाना नाही. फँटसीतल्याप्रमाणे इथेही तो लाभ दुसऱ्यांच्या खात्यात जातो.

बेन झोब्रिस्टच्या कारकिर्दीत हे सारे धागे एकत्र येतात. इलिनॉय राज्यातल्या युरेका या छोट्या गावात वाढलेल्या झोब्रिस्टला ह्यूस्टन अॅस्ट्रोजने २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, सहाव्या फेरीत घेतले आणि २००६ मध्ये ऑब्री हफच्या बदल्यात त्याला टँपा बे क्लबाकडे पाठवले. तो तेव्हा शॉर्टस्टॉप होता. पहिल्या वर्षी त्याची सरासरी ०.२२४ होती आणि २००७ मध्ये ती ०.१५५ पर्यंत घसरली. सव्विसाव्या वर्षी अशा आकड्यांवर उभ्या असलेल्या खेळाडूचे भवितव्य त्या वेळी कोणी फारसे उज्ज्वल मानले नसते. पण त्याने आपल्या फटक्याची घडण मुळापासून बदलली आणि २००८ मध्ये दोनशेहून कमी अधिकृत पाळ्यांत १२ होम रन मारले. मॅनेजर ज्यो मॅडन याच्याकडे शॉर्टस्टॉप आधीच होता, म्हणून तो झोब्रिस्टला जिथे खड्डा पडेल तिथे उभा करू लागला. २००९ च्या मे महिन्यात सेकंड बेसमन अकिनोरी इवामुरा याचा गुडघा दुखावला आणि झोब्रिस्टला रोज खेळण्याची वाट मोकळी झाली. त्या हंगामात तो पिचर आणि कॅचर सोडून सातही जागी खेळला, सरासरी ०.२९७, बेसवर पोहोचण्याचे प्रमाण ०.४०५, होम रन २७, आरबीआय ९१, चोरलेले बेस १७. बेसबॉल-रेफरन्सच्या वॉरनुसार अमेरिकन लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाच्या, फलंदाजांत तो त्या वर्षी पहिला होता, तरी सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात पहिल्या पाचांतही आला नाही.

पुढच्या वर्षी फँटसीच्या बाजारात त्याच्यावर उड्या पडणे स्वाभाविक होते, कारण सेकंड बेसची पात्रता असलेले २७ होम रन दुर्मीळ असतात. २०१० मध्ये त्याची सरासरी ०.२३८ वर आली आणि होम रन अवघे १० झाले. क्लबाच्या दृष्टीने तो तेव्हाही उत्तम खेळाडू होता; तो भरपूर वॉक घेत असे, म्हणजे चार चुकीचे चेंडू सोडून देऊन पहिला बेस मिळवत असे, आणि त्याचे क्षेत्ररक्षण अनेक जागी सरस होते. यांपैकी एकही गोष्ट फँटसीच्या पाच रकान्यांत उतरत नाही. उतरले ते त्या वर्षी त्याने चोरलेले २४ बेस, आणि ज्या मालकांनी घसरलेल्या सरासरीकडे पाहून त्याला सोडले नाही, त्यांना या बेसची किंमत कळली. २०११ मध्ये २० होम रन, ९१ आरबीआय आणि १९ चोरलेले बेस घेऊन तो पुन्हा वर आला. एका वर्षाच्या शिखरावरून पुढच्या वर्षाची किंमत लावू नये आणि एका वर्षाच्या दरीवरूनही लावू नये, हे फँटसीतले जुने सूत्र त्याच्या या तीन हंगामांत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

त्याच्या उत्तरार्धाने युटिलिटी खेळाडूची प्रतिष्ठाच बदलली. २०१५ च्या जुलैत तो कॅन्सस सिटी रॉयल्सकडे गेला आणि त्या संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. त्या डिसेंबरात शिकागो कब्जने त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी ६० लाख डॉलरचा करार दिला, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. २ नोव्हेंबर २०१६ रोजी क्लीव्हलँडमध्ये वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना नऊ डावांअंती ६-६ असा बरोबरीत होता आणि पावसामुळे सतरा मिनिटे थांबून दहावा डाव सुरू झाला होता. सेकंड बेसवर धावपटू होता, म्हणून क्लीव्हलँडने अँथनी रिझोला मुद्दाम वॉक देऊन झोब्रिस्टला समोर आणले. दोन्ही हातांनी फलंदाजी करणारा झोब्रिस्ट उजव्या हाताच्या ब्रायन शॉविरुद्ध डावखुरा उभा होता. त्याने बाहेरचा चेंडू उशिरा, विरुद्ध दिशेला ढकलला आणि तो थर्ड बेसच्या रेषेला लागून डाव्या आउटफील्डच्या कोपऱ्यात गेला. कब्जला आघाडी मिळाली, सामना ८-७ असा संपला आणि १९०८ नंतरचे पहिले विजेतेपद शिकागोला मिळाले. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू झोब्रिस्ट ठरला. चाळिसाहून अधिक वॉर असलेला हा खेळाडू २०२५ मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानासाठीच्या मतदानात मात्र पाच टक्क्यांचा किमान टप्पा गाठू शकला नाही आणि पहिल्याच वर्षी यादीतून बाद झाला. त्याचे गुण एखाद्या ठळक विक्रमात साठलेले नव्हते. ते सात जागांवर विखुरलेले होते आणि मतदारांच्या नजरेतून निसटले.

झोब्रिस्टची दोन्ही हातांची फलंदाजी हा योगायोग नव्हे. समोरचा पिचर डावखुरा असो वा उजवा, ज्याला बाजू बदलता येते त्याला त्या कारणाने बाकावर बसवावे लागत नाही आणि मैदानावरच्या लवचिकतेला फलंदाजीच्या लवचिकतेची जोड मिळते. टोनी फिलिप्स, शोन फिगिन्स, मार्विन गोन्झालेझ हे सारे असेच दोन्ही हातांचे फलंदाज. यांपैकी फिलिप्स १९८२ ते १९९९ असा अठरा हंगाम खेळला, १९९३ मध्ये त्याने अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक म्हणजे १३२ वॉक घेतले, आणि तरीही तो एकदाही ऑल-स्टार, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या, संघात निवडला गेला नाही.

युटिलिटी खेळाडूच्या कारकिर्दीतला सर्वांत धोक्याचा टप्पा त्याला पहिला मोठा करार मिळतो तेव्हा सुरू होतो. फिगिन्सने एंजल्स क्लबाकडून २००५ मध्ये ६२ बेस चोरून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता आणि अनेक जागांच्या पात्रतेमुळे फँटसीत तो सोन्याचा तुकडा होता. २००९ मध्ये त्याने १०१ वॉक घेतले आणि त्यानंतर सिअॅटल मरिनर्सने त्याला चार वर्षांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलर दिले. २०११ मध्ये त्याची सरासरी ०.१८८, २०१२ मध्ये ०.१८१ झाली आणि कराराचे एक वर्ष शिल्लक असतानाच त्याला मोकळे करण्यात आले. मार्विन गोन्झालेझने २०१७ मध्ये ह्यूस्टनकडून ०.३०३ च्या सरासरीने २३ होम रन मारले, पण पुढच्याच वर्षी सरासरी ०.२४७ वर आली, आणि २०१७ च्या हंगामात संघाने प्रतिस्पर्धी कॅचरचे इशारे चोरल्याच्या प्रकरणामुळे ते शिखर किती खरे मानायचे हा प्रश्न कायमचा चिकटला. ख्रिस टेलरला लॉस एंजेलिस डॉजर्सने सिअॅटलकडून एका पिचरच्या बदल्यात जवळजवळ फुकटात मिळवले होते. २०१७ मध्ये त्याने २१ होम रन मारून १७ बेस चोरले, आणि २०२१ च्या अखेरीस त्याला चार वर्षांसाठी ६ कोटी डॉलर मिळाले. नंतरच्या तीन वर्षांत त्याची सरासरी अनुक्रमे ०.२२१, ०.२३७ आणि ०.२०२ राहिली आणि २०२५ च्या मे महिन्यात क्लबाने त्याला सोडले.

या तिघांच्या घसरणीत एक समान दुवा आहे. तिघांनाही मोठा करार तिशीच्या उंबरठ्यावर किंवा ती ओलांडल्यावर मिळाला. फलंदाजाचा बहराचा काळ साधारण सव्वीस ते एकोणतीस वर्षे असतो. त्यानंतर प्रथम पायांची चपळाई जाते, मग जलद चेंडूला वेळेवर बॅट पोहोचत नाही. अनेक जागा सांभाळण्याची क्षमता पायांवर उभी असल्याने तीही याच सुमारास ओसरते, म्हणजे खेळाडूचे दोन्ही आधार एकदमच खचतात. झोब्रिस्ट टिकला, कारण त्याचा मुख्य गुण पायांत वा मनगटात नव्हता, तो चेंडू ओळखण्याच्या नजरेत होता. २०१८ मध्ये, सदतिसाव्या वर्षीही त्याची सरासरी ०.३०५ होती. लवचिकता खेळाडूला मेजर लीगमध्ये शिरायला मदत करते, पण तिथे टिकवते ती बॅट, आणि बॅटच्या गुणांतही संयम हा शक्तीपेक्षा अधिक काळ पुरतो.

पगाराची रचनाही युटिलिटी खेळाडूला फारशी अनुकूल नाही. मेजर लीगमध्ये पहिली साधारण तीन वर्षे क्लब किमान वेतनाच्या आसपास पैसे देतो. हे किमान वेतन २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होते. त्यानंतर तीन वर्षे वाद झाल्यास लवादाकडून वेतन ठरते, आणि सहा वर्षे पूर्ण झाल्यावर खेळाडू कोणत्याही क्लबाशी करार करायला मुक्त होतो. लवादापुढे परंपरेने होम रन, आरबीआय आणि पाळ्यांची संख्या यांना अधिक वजन असते, म्हणजे फँटसीत मोजले जाणारे आकडेच तिथेही बोलतात, आणि ज्याने संघासाठी पाच जागा सांभाळल्या त्याच्या बाजूने बोलणारा ठळक आकडा नसतो. शिवाय नवोदिताला तीन हंगामांपर्यंत कनिष्ठ लीगमध्ये पाठवण्याची व परत बोलावण्याची मुभा क्लबाला असते. या मुभेचा सर्वाधिक फटका शेवटच्या, सव्विसाव्या जागेवरच्या माणसाला बसतो आणि तो माणूस पुष्कळदा युटिलिटी खेळाडूच असतो. मुक्त होण्यासाठी लागणाऱ्या सेवाकाळाची त्याची मोजणी अशा ये-जा करण्यात तुटक होत राहते आणि पहिला खरा करार हाती येईपर्यंत त्याचे बहराचे वय मागे पडलेले असते.

अलीकडे औपचारिक मान्यता तरी मिळू लागली आहे. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठीच्या गोल्ड ग्लव्ह पुरस्कारांत २०२२ पासून युटिलिटी खेळाडूंसाठी वेगळा विभाग आला आणि पहिले मानकरी न्यूयॉर्क यांकीजचा डीजे लमेह्यू व सेंट लुईस कार्डिनल्सचा ब्रेंडन डोनोव्हन हे ठरले. डोनोव्हनचा तो पहिलाच हंगाम होता. २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवडला गेलेला हा डावखुरा फलंदाज १२६ सामन्यांत ०.३९४ इतक्या प्रमाणात बेसवर पोहोचला, सहा जागी क्षेत्ररक्षण करून गेला, आणि त्याचे होम रन होते ५, चोरलेले बेस २. क्लबासाठी हा अतिशय मोलाचा हंगाम होता, तर पाच रकान्यांच्या फँटसीत तो शेवटच्या फेरीतला खेळाडू ठरतो. ज्या लीगमध्ये सरासरीऐवजी बेसवर पोहोचण्याचे प्रमाण मोजतात, तिथे मात्र त्याची किंमत एकदम वर जाते. खेळाडू तोच असून नियमाच्या एका ओळीने त्याचा भाव बदलतो. २०२४ मध्ये त्याने १५३ सामन्यांत १४ होम रन आणि ७३ आरबीआय केले आणि २०२५ मध्ये तो ऑल-स्टार झाला. त्याचा गाभा झोब्रिस्टसारखाच चेंडू ओळखण्याचा असल्याने त्याची उतरण हळू असेल, अशी अपेक्षा बाळगायला आधार आहे.

याच्या उलट टोकाला दक्षिण कोरियाचा हा-सोंग किम आहे. सॅन दिएगो पाद्रेजकडून २०२३ मध्ये त्याने युटिलिटी विभागातला गोल्ड ग्लव्ह मिळवला आणि ०.२६० च्या सरासरीसह १७ होम रन मारून ३८ बेस चोरले. त्या वर्षी बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच झाला होता आणि पिचरने धावपटूला रोखण्यासाठी किती वेळा फेक करायची यावर मर्यादा आली होती. मेजर लीगमध्ये २०२२ मध्ये २,४८६ बेस चोरले गेले होते, ते २०२३ मध्ये ३,५०३ झाले. पायांच्या जोरावर जगणाऱ्या युटिलिटी खेळाडूंना या बदलाने फँटसीत उचलून धरले खरे, पण चोरलेले बेस सगळ्यांनाच स्वस्त झाल्यावर वीस बेसची जुनी किंमत राहिली नाही. पुढच्याच वर्षी किमच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि शॉर्टस्टॉपवरून लांब फेक करणाऱ्या खेळाडूचा खांदा दुखावला की त्याच्या सगळ्याच जागांच्या पात्रतेवर प्रश्नचिन्ह लागते.

मूकी बेट्ससारखा मोठा तारा उजव्या आउटफील्डमधून सेकंड बेस व शॉर्टस्टॉपवर येतो, तेव्हा फँटसी मालकाच्या दृष्टीने ती मेजवानीच असते. परंतु १२ वर्षांचा, ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार हाती असलेल्या खेळाडूची लवचिकता आणि बाकावरच्या माणसाची लवचिकता यांची तुलना करून काही हाती लागत नाही. एक जण ती स्वेच्छेने दाखवतो, दुसऱ्याला तिच्याशिवाय गत्यंतर नसते.

बाकावरच्या माणसाचा अनुभव खेळ संपल्यावर कामाला येतो, आणि भवितव्याचा विचार करताना या बाजूकडे सहसा दुर्लक्ष होते. जोसे ओकेंडो याने १९८८ मध्ये कार्डिनल्सकडून पिचर व कॅचरसह नऊही जागा भूषवल्या होत्या; पुढे तो त्याच क्लबाचा थर्ड बेस प्रशिक्षक म्हणून अनेक वर्षे राहिला. प्रत्येक जागेवरून खेळ कसा दिसतो हे ज्याला ठाऊक आहे, आणि बाकावर बसून मॅनेजरच्या पुढच्या चालीचा अंदाज बांधण्यात ज्याची वर्षे गेली आहेत, त्याला मॅनेजरचे काम नवे वाटत नाही. ०.२४३ च्या सरासरीने चौदा हंगाम खेळलेल्या अॅलेक्स कोराने २०१८ मध्ये, मॅनेजर म्हणून पहिल्याच वर्षी, बॉस्टन रेड सॉक्सला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. सोळा हंगामांत अवघे ४२ होम रन मारणारा आणि सेकंड बेस, शॉर्टस्टॉप व थर्ड बेस यांमध्ये फिरत राहिलेला क्रेग काउन्सेल २०१५ मध्ये मिल्वॉकी ब्रूअर्सचा मॅनेजर झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये शिकागो कब्जने त्याला पाच वर्षांसाठी ४ कोटी डॉलरच्या वर मानधन देऊन आपल्याकडे आणले. मॅनेजरला मिळालेला तो तोवरचा सर्वांत मोठा करार होता आणि त्यातली एका वर्षाची रक्कम काउन्सेलला खेळाडू म्हणून कोणत्याही हंगामात मिळालेल्या पगाराच्या दुपटीहून अधिक होती.